केशर, हरमल आणि नॅनोकण

वनौषधी आणि नॅनोतंत्र यांची सांगड घालून कर्करोगावर औषध शोधता येईल, ही आशा खोटी नाही. पण ती कोणत्या पुराव्यावर उभी आहे, हे पाहायला हवं. संयुक्त अरब अमिरातीत याचं बोलकं उदाहरण सापडतं. अल ऐनच्या यूएई विद्यापीठातले अम्र अमीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली ‘हेपॅटॉलॉजी’ या नियतकालिकात केशरावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना यकृताचा कर्करोग घडवणारं रसायन दिलं, तेव्हा केशर मिळालेल्या उंदरांच्या यकृतात गाठी कमी झाल्या. काम नेटकं आहे. मात्र केशर देणं रसायनाच्या आधीपासून सुरू होतं, म्हणजे प्रश्न प्रतिबंधाचा होता. झालेला रोग बरा करण्याचा नव्हता. सर्वांत मोठी मात्रा दर किलो वजनाला 300 मिलिग्रॅम होती. मात्रा बदलण्याच्या प्रचलित हिशेबाने साठ किलोच्या माणसाला ती रोज जवळपास तीन ग्रॅम भरते. दुधात घातलेल्या चार काड्यांशी तिचा संबंध नाही.

वनस्पतीतलं द्रव्य औषध कसं बनतं, हे समजायला मनसुख वाणी यांचं काम पाहावं. नंदुरबारला जन्मलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत 1966 साली कॅम्प्टोथेसिन आणि 1971 साली टॅक्सॉल या वनस्पतींतल्या कर्करोगविरोधी रेणूंची रचना उलगडली. (कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, आणि त्यापायी ही झाडं बेसुमार तोडली गेली.) दोन्ही द्रव्यं पाण्यात जेमतेम विरघळतात. कॅम्प्टोथेसिनचा विरघळणारा क्षार करून रुग्णांना दिला, तर मूत्राशयाला इजा झाली आणि त्या चाचण्या थांबल्या. टॅक्सॉलसाठी एरंडेलापासून केलेलं द्रावक वापरावं लागलं. त्याची तीव्र ॲलर्जी येऊ नये म्हणून आधी स्टेरॉइड देणं भाग पडलं. नॅनोतंत्राची खरी कामगिरी इथे आहे: टॅक्सॉल अल्ब्युमिन या प्रथिनाच्या सुमारे 130 नॅनोमीटरच्या कणांत बांधलं, द्रावकाची गरज संपली, आणि 2005 साली स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेलं इरिनोटेकान स्निग्ध कणांत भरून 2015 पासून स्वादुपिंडाच्या कर्करोगात वापरतात. नॅनोकणाने झाडाला नवा गुण दिला नाही. असलेला गुण शरीराला सोसेल अशा रीतीने पोहोचवला.

शतकानुशतकांचा अनुभव हीच चाचणी नाही का, असं कुणी विचारेल. अमिरातीत हरमल नावाची झुडपं उगवतात, शास्त्रीय नाव ऱ्हाझिया स्ट्रिक्टा. लोकवैद्यकात त्यांचा वापर जुना आहे. ती सदाफुलीच्या कुळातली आहेत आणि सदाफुलीने रक्ताच्या कर्करोगासाठी व्हिन्क्रिस्टीन हे औषध दिलं, त्यामुळे हरमलकडे पाहणं योग्यच. परंपरा कुठे शोधावं हे सांगते, आणि तो मोठा ठेवा आहे. पण ताप उतरला की नाही हे डोळ्यांना दिसतं. गाठ पाच वर्षांनी परतली का, हे तुलनेचा गट आणि नोंदी यांच्याशिवाय कळत नाही. काचेच्या तबकडीत पेशी मेल्या, एवढ्यावर तर मुळीच विसंबू नये. तिथे साधा साबणही पेशी मारतो. वनस्पतीच्या रसात चांदीचे नॅनोकण बनवण्याचे प्रयोग ‘हरित’ म्हणवतात. तरी चांदी यकृतात साठते, हा प्रश्न बनवण्याच्या पद्धतीने मिटत नाही.

विषाणूंबाबतही हेच. चक्रीफुलातलं शिकिमिक आम्ल फ्लूवरच्या ओसेल्टामिवीरचा कच्चा माल ठरलं. चक्रीफुलाचा काढा मात्र ते औषध नव्हे, कारण मधे रसायनशाळेतल्या अनेक पायऱ्या आहेत. चाचण्यांना वेळ आणि माणसं कुठून आणायची, हा आक्षेप अमिरातीपुरता टिकत नाही. जुलै 2020 मध्ये अबुधाबीत सिनोफार्मच्या कोविड लशीची चाचणी सुरू झाली आणि सुमारे सव्वाशे देशांचे 31 हजारांच्या आसपास स्वयंसेवक तिच्यात उतरले. शोधलेल्या द्रव्याचं शुद्धीकरण, ठरलेली मात्रा, विषारीपणाची तपासणी आणि मग रुग्णांच्या संमतीने, नोंदणी करून घेतलेली छोटी चाचणी, एवढ्यासाठी पैसा बाजूला काढावा. केशराच्या उंदरांनंतरचा पुढचा प्रश्न, झालेल्या रोगात ते काही करतं का, हा याच मार्गाने विचारता येईल.