मिश्र उत्पन्नाची वसाहत आणि सार्वजनिक गृहसंस्था

शहरातील घरांचा प्रश्न सोडविण्यासाठी शासनाने स्वतः घरे बांधावी, स्वतःच त्यांचा मालक राहावे आणि एकाच इमारतीत गरीब व सुस्थित अशा दोन्ही वर्गांच्या कुटुंबांना भाडेकरू म्हणून ठेवावे, या कल्पनेस अलीकडे पुन्हा बळ आले आहे. अमेरिकेतील सिॲटल शहराच्या मतदारांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे ५७ टक्के मतांनी अशी एक स्वतंत्र संस्था स्थापन केली. तिच्या घटनेप्रमाणे घरे कायम सार्वजनिक मालकीची राहावयाची आहेत. ज्यांचे उत्पन्न जवळजवळ शून्य आहे तेथपासून प्रदेशाच्या मध्यक उत्पन्नाच्या १२० टक्क्यांपर्यंतच्या कुटुंबांना ती खुली असून भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक आकारावयाचे नाही. तेरा सदस्यांच्या नियामक मंडळात बहुमत भाडेकरूंचे आहे. या योजनेचे अर्थशास्त्र काय, ते कोठे टिकते व कोठे ताणले जाते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, अमेरिकेस सार्वजनिक घरे नवीन नाहीत. १९३७ च्या कायद्याने ती सुरू झाली. बांधकामाच्या कर्जाचा भार केंद्र सरकारने उचलावा व दुरुस्ती-देखभालीचा खर्च भाड्यातून भागवावा, अशी त्या कायद्याची मांडणी होती. परंतु घरे केवळ अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी राखलेली असल्याने, ज्याची मिळकत वाढेल त्याने घर सोडावे असा दंडक पडला. परिणाम उघड होता. भाडे देऊ शकणारा भाडेकरू बाहेर जाई आणि मागे राहणारा अधिकाधिक गरीब असे. सेंट लुई येथील प्रुइट-आयगो या ३३ इमारतींच्या वसाहतीचे पुढे जे झाले, त्याचे खापर पुष्कळांनी वास्तुरचनेवर फोडले; पण लिफ्ट व नळ दुरुस्त करावयास भाड्याची रक्कमच पुरत नव्हती, हे कारण अधिक मूलगामी होय. १९७२ मध्ये ती वसाहत पाडण्यास प्रारंभ झाला. १९६९ साली ब्रुक यांच्या दुरुस्तीने भाड्यावर उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली (ती पुढे ३० टक्के झाली). भाडेकरूच्या दृष्टीने ती न्याय्यच होती. तथापि संस्थांच्या तिजोरीत पडलेला खड्डा सरकारी अनुदानाने पुरता कधी भरला नाही. म्हणून नव्या विचाराचे पुरस्कर्ते म्हणतात की, सुस्थित भाडेकरूस घालवू नका; त्याचेच भाडे गरिबाच्या भाड्याची तूट भरून काढील.

ही तूट खरोखर भरते काय? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शंभर घरांची एक इमारत आहे. कर्जफेड व देखभाल मिळून दर घरामागे मासिक खर्च १,८०० डॉलर आहे. चाळीस कुटुंबे ७५० डॉलर देतात, तीस कुटुंबे १,५०० आणि उरलेली तीस २,७५० डॉलर देतात. एकूण वसुली १,५७,५०० डॉलर; खर्च मात्र १,८०,०००. तूट २२,५०० डॉलर. म्हणजे केवळ मिश्रणाने काम भागत नाही. आता समजा, स्वस्त भांडवल मिळाल्यामुळे दर घराचा खर्च १,५०० डॉलरवर आला, तर त्याच भाड्यात ७,५०० डॉलर शिल्लक राहतात. परंतु येथे एक अडचण आहे. तशाच घराला बाजारात २,२०० डॉलर भाडे असेल, तर सुस्थित कुटुंब २,७५० का देईल? त्याचे भाडे २,२०० धरले की वसुली १,४१,००० वर येते आणि पुन्हा ९,००० डॉलरची तूट उभी राहते. ती घालविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दहा गरीब कुटुंबांच्या जागी दहा सुस्थित कुटुंबे घेणे. मग वसुली १,५५,५०० होते व हिशेब जुळतो! चालकांवर हा मोह सतत राहणार, आणि माझ्या मते या संस्थांची खरी परीक्षा तेथेच आहे.

म्हणून भांडवल कोठून येते हा प्रश्न भाड्याच्या नियमापेक्षा अधिक निर्णायक ठरतो. मेरीलँड राज्यातील मॉन्टगोमेरी कौंटीने २०२१ मध्ये एक फिरता निधी उभारला. बांधकामाच्या काळात खासगी भागीदार जो चढा परतावा मागतो, त्याच्या जागी हा निधी पैसा घालतो. इमारत भाडेकरूंनी भरली व दीर्घ मुदतीचे कर्ज मिळाले की तोच पैसा पुढील इमारतीकडे वळतो. या पद्धतीने उभी राहिलेली पहिली इमारत २६८ घरांची असून त्यांतील सुमारे ३० टक्के घरेच सवलतीची आहेत. वरील हिशेब पाहता हे प्रमाण आश्चर्यकारक नाही. सिॲटलने दुसरा मार्ग धरला. तेथील मूळ प्रस्तावात पैशाची तरतूदच नव्हती; ती फेब्रुवारी २०२५ च्या मतदानाने झाली. एखाद्या नोकराला वर्षाकाठी दहा लाख डॉलरहून अधिक मोबदला देणाऱ्या मालकाने वरच्या रकमेवर पाच टक्के कर द्यावा, असे ठरले.

कर लावून घरे बांधण्याचा हा मार्ग व्हिएन्नाने १९२३ मध्येच चोखाळला होता. तेथील गृहकर आलिशान घरांवर अधिक तीव्रतेने पडे, आणि इमारती कर्जाऐवजी प्रामुख्याने करातून उभ्या राहिल्यामुळे भाड्यात व्याजाचा अंश जवळजवळ नसे. तेथे उत्पन्न पाहतात ते प्रवेशाच्या वेळी. नंतर मिळकत वाढली म्हणून कोणास घर सोडावे लागत नाही. मिश्रण तेथे कालांतराने आपोआप घडत जाते.

मुंबईच्या वाचकास या चर्चेत काही ओळखीचे वाटेल. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनेही कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर घेऊन पन्नास हजार खोल्या बांधण्याचे योजिले होते. प्रत्यक्षात २०७ चाळींत सोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या, आणि भाडे गिरणीकामगारास न पेलल्याने त्यांतील अनेक वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या. पुढे त्या भरल्या. भाडे मात्र नाममात्र राहिले व देखभालीची आबाळ झाली. १९७७ पासून कार्यरत असलेल्या म्हाडाकडे अत्यल्प, अल्प, मध्यम व उच्च असे चारही उत्पन्नगट आहेत. पण तिची घरे बहुतांशी सोडतीने विकली जातात. सुस्थित ग्राहकाकडून मिळणारे आधिक्य एकदाच हाती येते, ते दरमहा वाहत नाही. त्याच बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातही जुन्या रहिवाशांना घरे मालकीने दिली जात आहेत आणि खर्चाचा मेळ जादा घरांच्या विक्रीवर बसविलेला आहे. ही व्यवस्था रहिवाशास निश्चित लाभाची आहे. मात्र पुढील पिढीतील भाडेकरूसाठी तीत सार्वजनिक मालकीचे घर उरत नाही, आणि सिॲटलच्या घटनेतील कायम सार्वजनिक मालकीची तरतूद नेमकी याच गोष्टीविरुद्ध योजलेली आहे.