गुलमर्गला बर्फ, पांढुर्णा-सौंसरला गारा : फेब्रुवारी-मार्चमध्ये असे का होते?

फेब्रुवारी-मार्चमध्ये टीव्हीवर गुलमर्ग, औलीच्या बर्फाची बातमी आली, की पांढुर्णा-सौंसर भागातल्या संत्रा उत्पादकाने आभाळाकडे लक्ष ठेवलेले बरे. तिकडचा बर्फ आणि इकडच्या गारा यांच्यामागे अनेकदा एकच कारण असते.

ते कारण म्हणजे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राकडून निघालेली ही प्रणाली इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर येते. तिथे ओलावा बर्फ होऊन पडतो. विक्षोभ जोरदार असला, तर त्याचा वरच्या थरातला थंड वारा मध्य भारतापर्यंत उतरतो. त्याच वेळी खालून बंगालच्या उपसागराकडची दमट हवा येते. दुपारी जमीन तापलेली असतेच. खाली गरम-दमट, वर थंडगार, असे झाले की ढग झपाट्याने उंच चढतो.

अशा ढगात पाण्याचे थेंब वाऱ्याच्या झोतासोबत वर जाऊन गोठतात. त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात. वजन झोताला पेलेनासे झाले, की गार खाली येते. पावसाळ्यात ढग कमी नसतात, मग तेव्हा गारा का नाहीत? कारण तेव्हा गोठण्याची पातळी बरीच वर असते, झोतही एवढा जोरकस नसतो. जी काही गार तयार होते ती वाटेतच विरघळते.

संत्र्यासाठी ही वेळच वाईट. मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिल तोडणीला आलेली असतात, आणि आंबिया बहाराची फुले-बारीक फळे झाडावर असतात. म्हणजे एका गारपिटीत यंदाचा माल जातो आणि पुढचाही. शेतात गहू, हरभरा उभा असतो तो वेगळाच. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्हीकडे हे दाखवून दिले होते.

ढगाला राज्याची सीमा कळत नाही, पण मदतीचे नियम सीमेवर बदलतात. काटोल, नरखेड, वरुडकडे पंचनामा तलाठी करतो आणि मदतीसाठी साधारण 33 टक्के नुकसानीची अट असते. पांढुर्णा-सौंसरला पटवारी सर्वे करतो. इथे राजस्व पुस्तक परिपत्रक 6-4 लागू होते, त्यात 25 टक्क्यांपासून नुकसान धरले जाते. नातेवाईक सीमेपलीकडचे, म्हणून त्यांचा नियम आपल्याला लागेल असे समजू नये.

पीक विमा असेल तर 72 तासांच्या आत कळवणे गरजेचे आहे. त्यासाठी 14447 हा नंबर आहे. कापून शेतात वाळत टाकलेल्या पिकालाही 14 दिवसांपर्यंत गारपिटीचे संरक्षण मिळू शकते. संत्र्याचे मात्र वेगळे आहे. फळबागा हवामान आधारित विम्यात येतात आणि गारपिटीचे संरक्षण त्यात जादा घ्यावे लागते. आपल्या तालुक्यात संत्रा अधिसूचित आहे का, हे हंगामाआधीच विचारून घ्यावे.

गारा पडल्यावर आधी फोटो काढावेत, मगच साफसफाई करावी. मोडलेल्या फांद्या कापून त्या जागी बोर्डो पेस्ट (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) लावावी. गळालेली फळे बगीच्याबाहेर नेऊन पुरावीत, नाहीतर जखमांतून बुरशी शिरते. आणि वीज कडकडत असताना माल झाकायला धावू नये. आधी जीव, मग संत्रा.