आंबवणाची शाळा (भाग ६) : आधी पारा बघा

"रात्रभर ठेवलं, तरी फुगलंच नाही." थंडी पडली की इडलीच्या पिठाबद्दल ही तक्रार मावळात घरोघरी ऐकू येते. मग खापर फुटतं उडदावर, नाही तर तांदळावर. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी मुळातच चिकट, त्यामुळे त्याची इडलीही थोडी चिकट होणार. पण पीठ फुगलं नाही, तर आधी तपमान तपासायचं.

मागच्या भागात पिठातले दोन कामगार पाहिले : वायू करणारा ल्युकोनोस्टॉक आणि मुख्यतः आंबटपणा आणणारे लॅक्टोबॅसिलस. ल्युकोनोस्टॉकला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस मानवतं. २० च्या खाली तो सुस्तावतो. पस्तिशीच्या पुढे आम्ल करणारे वरचढ होतात आणि वायू मागे पडतो.

आता मावळातल्या वराळे गावाचं वर्षभराचं गणित मांडा. जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांच्या आसपास उतरतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभर गार पडलेलं असतं. त्याच पाण्यात डाळ भिजते, त्याच पाण्यात वाटण होतं. पीठ डब्यात पडतं तेव्हाच १६-१७ अंशांवर असतं आणि पहिले कित्येक तास नुसते गरम होण्यातच जातात. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा अडतिशीला टेकतो. त्यात मिक्सरचं भांडं तापलेलं. तेव्हा पीठ चार-पाच तासांत आंबट होतं.

पिठाकडे पाहूनच निदान करता येतं :

ना फुगलं, ना आंबलं : गारठा. वाटताना कोमट पाणी घ्या, मीठ आंबल्यावर घाला. डबा झाकून बंद थर्माकोलच्या पेटीत ठेवा आणि शेजारी गरम पाण्याची बाटली ठेवा. भाताचा पेंढा हाताशी असेल, तर डब्याभोवती तो दाबून भरला तरी ऊब टिकते.

आंबट झालं, पण फुगलं नाही : उष्णता. बर्फाचं पाणी घालून थांबत थांबत वाटा, मीठ आधीच घाला. डबा पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओलं फडकं गुंडाळा.

फुगून खाली बसलं : वेळ जास्त झाला. डोसे, उत्तप्पे करून टाका.

वर गुलाबी डाग, बुरशी किंवा कुजका वास : फेकून द्या. वरचा थर काढून भागत नाही.

घड्याळ तेवढं विसरा. २८-३० अंशांवर ८-१० तासांत होणाऱ्या पिठाला २० वर १८ तासही लागतात. थर्मामीटर डब्याबाहेर न टांगता पिठाच्या मध्यभागी बुडवा. खोल भांड्यात कडेचं पीठ कोमट झालं तरी मधलं गारच राहिलेलं असतं. सोड्याने इडली फुगेल, पण आंबण्याची चव यायची नाही.

आंबिलीलाही हाच नियम. ताकात कालवलेलं नाचणीचं पीठ उन्हाळ्यात रात्रभरात आंबतं; पौषात त्याला दुसरा दिवस द्यावा लागतो.

बिअर करणारेही याच पाऱ्याशी झगडतात. एल जातीच्या बिअरचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांवर नीट काम करतं, लागरचं त्याहून बऱ्याच गारव्यात. शिवाय आंबणारा द्रव स्वतःही तापतो, म्हणून तो खोलीपेक्षा काही अंश वर असू शकतो. नवखा माणूस भिंतीवरचा आकडा बघतो आणि तिथेच फसतो : बिअरला जळजळीत, उग्र चव येते. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे आपली शाळा इडली-आंबिलीपुरतीच.

या आठवड्याचा गृहपाठ : पीठ वाटून होताच, मग झोपण्यापूर्वी आणि सकाळी, असं तीनदा पिठाचं तपमान वहीत लिहा. उडीद किंवा तांदूळ बदलायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा. पुढच्या भागात मीठ : किती आणि कधी.