म्हैसूरच्या राजवाड्याची आग : दंतकथा आणि वस्तुस्थिती

म्हैसूर : दसऱ्याच्या रोषणाईत झळाळणारा म्हैसूरचा राजवाडा पाहणाऱ्या अनेकांना तो कित्येक शतकांचा असावा, असे वाटते. प्रत्यक्षात आजची वास्तू 1912 मध्ये पूर्ण झाली. तिच्या जागी पूर्वी उभा असलेला लाकडी राजवाडा 1897 मध्ये आगीत नष्ट झाला होता. त्या आगीविषयी आणि वडियार घराण्याविषयी अनेक कथा आजही सांगितल्या जातात. त्यांतील इतिहास किती आणि लोकस्मृती किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

आग नेमकी केव्हा लागली?

ही आग 1896 च्या दसरा उत्सवात लागली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. म्हैसूर आणि दसरा यांचे नाते इतके घट्ट आहे की ही माहिती सहज पटते. मात्र राजवाड्याच्या अधिकृत इतिहासानुसार ही घटना फेब्रुवारी 1897 मधील असून, राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या विवाहसोहळ्याच्या काळात ती घडली. दसरा आश्विनात येतो. त्यामुळे फेब्रुवारीतील आगीशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

लाकडी वाडा का होता?

टिपू सुलतानच्या काळात म्हैसूरचा जुना किल्ला आणि राजवाडा पाडण्यात आला होता. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर इंग्रजांनी अवघ्या पाच वर्षांच्या तिसऱ्या कृष्णराज वडियार यांना गादीवर बसवले. राजधानी म्हैसूरला परतली आणि राजवाडा घाईने उभारावा लागला. तो 1803 मध्ये पूर्ण झाला. बांधणीत लाकडाचा वापर मोठ्या प्रमाणावर होता. जवळजवळ शतकभर वाळलेल्या लाकडाला एकदा आग लागल्यावर ती आवरणे त्या काळातील साधनांना शक्य नव्हते.

मराठी वाचकाला येथे पुण्याच्या शनिवारवाड्याचे स्मरण होईल. 27 फेब्रुवारी 1828 रोजी शनिवारवाड्याला लागलेली आग सात दिवस धुमसत होती, असे सांगितले जाते. दगडी तट, दरवाजे आणि जोती उरली. वरचे लाकडी मजले नाहीसे झाले. तेथेही लोकस्मृतीने आगीपेक्षा 1773 मधील नारायणराव पेशव्यांच्या खुनाची आणि रात्री ऐकू येणाऱ्या आर्त हाकेची कथा अधिक जपली.

अलमेलम्माचा शाप

म्हैसूरमध्ये अशी कथा अलमेलम्माची आहे. 1610 मध्ये राजा वडियार यांनी विजयनगरच्या प्रतिनिधीकडून श्रीरंगपट्टण घेतले. त्या प्रतिनिधीच्या पत्नीकडे, अलमेलम्माकडे, असलेले दागिने मिळवण्यासाठी सैनिक पाठवले गेले, तेव्हा तिने शाप देऊन कावेरीत उडी घेतली, असे आख्यायिका सांगते. तलकाड वाळूत बुडो, मालंगी येथे डोह होवो आणि म्हैसूरच्या राजांना संतती न होवो, असे त्या शापाचे तीन भाग. त्यात आगीचा उल्लेखही नाही.

तलकाडची मंदिरे वाळूखाली गेली, हे खरे आहे. त्याचे कारण अभ्यासक कावेरीच्या वळणात, वरच्या बाजूस बांधलेल्या जुन्या बंधाऱ्यात आणि पात्रातील वाळू वाहून आणणाऱ्या वाऱ्यात शोधतात. घराण्यात दत्तकाची वेळ अनेकदा आली, हेही खरे. पण दहावे चामराज वडियार स्वतः दत्तक असले, तरी त्यांना पुत्र झाले आणि त्यांपैकी ज्येष्ठ पुढे चौथे कृष्णराज म्हणून गादीवर आले.

आगीनंतरचे निर्णय

आग लागली तेव्हा हे कृष्णराज बारा वर्षांचे होते. पित्याचे 1894 मध्ये निधन झाल्याने राज्यकारभार त्यांच्या मातोश्री महाराणी केंपनंजम्मण्णी पाहत होत्या. राजपरिवार जवळच्या जगनमोहन राजवाड्यात राहू लागला; 1902 मधील कृष्णराजांचा राज्याधिकारग्रहण सोहळाही तेथेच झाला. नव्या वाड्याचे काम सिमल्याचे व्हाइसरॉय निवासस्थान साकारणारे वास्तुविशारद हेन्री आयर्विन यांच्याकडे सोपवण्यात आले आणि 1897 मध्येच बांधकाम सुरू झाले. आगीचा धडा आराखड्यात स्पष्ट दिसतो : मुख्य बांधणी दगड आणि विटांची, तर कल्याण मंडपाचे खांब ग्लासगोहून आणलेल्या ओतीव लोखंडाचे. एकूण खर्च 41 लाख 47 हजार 913 रुपये झाला.

याच सुमारास शहरावर दुसरे संकट आले. 1896 मध्ये मुंबईत पसरलेली प्लेगची साथ 1898 मध्ये म्हैसूर संस्थानात पोहोचली. दाट वस्ती आणि अरुंद गल्ल्या हा तेव्हा चिंतेचा विषय ठरला. मुंबईत 1898 मध्ये नगर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. म्हैसूरमध्ये तसे मंडळ 1903 मध्ये आले. रुंद रस्ते आणि मोकळ्या वस्त्या ही आजच्या शहराची ओळख त्या काळात घडू लागली.

आजचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील इमारतींचा प्रश्न मात्र संपलेला नाही. ऑगस्ट 2012 मध्ये लॅन्सडाउन इमारतीचा भाग कोसळून चौघांचा मृत्यू झाला. ऑगस्ट 2016 मध्ये देवराज मार्केटचा एक भाग पडला. त्यानंतर या वास्तू पाडाव्यात की जतन कराव्यात, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. या दोन्ही घटनांशी कोणत्याही शापाची कथा जोडलेली नाही. तेथे प्रश्न देखभालीचा आणि वेळेवर होणाऱ्या दुरुस्तीचा आहे. 1897 नंतर म्हैसूरने राजवाड्यासाठी बांधकामाची सामग्री बदलली. आज तीच तत्परता सामान्य दुकानदार आणि ग्राहक वावरतात त्या जुन्या बाजारांच्या वाट्याला येते का, यावर शहराच्या वारशाचे आणि तेथील माणसांच्या सुरक्षिततेचे भवितव्य अवलंबून आहे.