पॉपकॉर्नचा कर कोण ठरवतं?

डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर पॉपकॉर्नवरून भरपूर विनोद झाले. सुटे खारे पॉपकॉर्न 5 टक्के, तेच पाकीटबंद असले तर 12 आणि कॅरमलचे 18! पण त्यामागे एक सरळ प्रश्न होता: पॉपकॉर्नला साखर लावली की तो फरसाणात मोडतो की मिठाईत?

असे प्रश्न सोडवणारी मंडळी दिल्लीत महसूल विभागाच्या ‘टॅक्स रिसर्च युनिट’मध्ये बसतात. प्रत्यक्ष करांसाठी असाच वेगळा कक्ष आहे. हे अधिकारी धाडी घालत नाहीत की नोटिसा काढत नाहीत. व्यापारी संघटनांची निवेदनं वाचायची, दर बदलला तर महसूल किती बुडेल याचा अंदाज बांधायचा आणि अधिसूचनेचा मसुदा लिहायचा, हे त्यांचं काम. यातलं खरं कसब मसुद्यात. ‘पाकीटबंद आणि लेबल लावलेले’ यातल्या ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ पडलं, तर कोर्टात वर्षानुवर्षं खटले चालू शकतात.

जीएसटीचे दर आधी केंद्र आणि राज्यांच्या अधिकाऱ्यांची फिटमेंट समिती तपासते. शिफारस केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांची जीएसटी परिषद करते. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे अधिकाऱ्याचं टिपण कितीही चोख असलं तरी शेवटचा शब्द मंत्र्यांचाच.

22 सप्टेंबर 2025 पासून खारे पॉपकॉर्न सुटे असोत वा पाकीटबंद, 5 टक्क्यांतच येतात.