पंधरा वॉटमध्ये मावलेलं जग

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओनं २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम आणला. संगणकासाठी तो विकत घेतला की हाती पडतो विंडोजसाठी बांधलेला प्रोग्रॅम. तोच प्रोग्रॅम स्टीम डेक या हातात धरायच्या गेमयंत्रावर उतरवून घ्यायचा, बटण दाबायचं, की दोन हातांत धरलेल्या सात इंची स्क्रीनवर राजी धावू लागते. आणि डेकमध्ये विंडोज नाहीच! आत आहे स्टीमओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम, आर्च लिनक्सवर उभी असलेली. हे यंत्र हाताळताना मला रोज नव्यानं थक्क करणारी गोष्ट हीच.

कुठलाही गेम एकटा काही करू शकत नाही. फाईल उघडून दे, मेमरी दे, हा आवाज वाजव, अशा मागण्या तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे सेकंदाला हजारोंनी करत असतो, आणि त्या सगळ्या विंडोजच्या बोलीत. लिनक्सला ती बोली कळत नाही. म्हणून मध्ये एक दुभाषी बसवला आहे. त्याचं नाव प्रोटॉन. डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह या कंपनीनं तो २०१८ मध्ये आणला, पण त्याचा पाया असलेला ‘वाइन’ हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. विंडोज ३.१ च्या काळात काही हौशी प्रोग्रॅमरांनी सुरू केलेलं काम इतकी वर्षं टिकलं, वाढलं आणि शेवटी खेळणाऱ्यांच्या तळहातावर येऊन पोचलं.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. डेकचा प्रोसेसर घरच्या पीसीच्याच जातकुळीचा आहे, एएमडीचा, चार कोअरचा. त्यामुळे गेमची स्वतःची आकडेमोड जशीच्या तशी, थेट चालते. दुभाषी बोलतो तो फक्त गेम बाहेर काही मागतो तेव्हा. म्हणूनच इतकं सगळं भाषांतर होऊनही वेग फारसा मार खात नाही.

खरी कसोटी चित्रांची. विंडोजवरचे गेम ग्राफिक्स चिपशी बोलतात ते डायरेक्टथ्रीडीमधून, तर लिनक्सवर चालतं व्हल्कन. या दोहोंमधला पूल म्हणजे डीएक्सव्हीके. फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला ‘निअर : ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्यानं तो पूल बांधायला घेतला. एका गेमच्या ओढीनं सुरू झालेलं हे काम व्हॉल्व्हनं पुढे पैसे देऊन वाढवलं. आज अगणित गेम त्यावरून ये-जा करतात, आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे. लिनक्सवाल्या साध्या लॅपटॉपलाही त्याचा लाभ मिळतो.

प्रकाश, सावली, पाण्याची चमक हे सगळं शेडर नावाचे छोटे प्रोग्रॅम रंगवतात. ते त्या त्या ग्राफिक्स चिपच्या भाषेत उतरवावे लागतात, आणि हे काम ऐन खेळात झालं तर चित्र क्षणभर अडखळतं. बाजारात ग्राफिक्स कार्डं शेकडो प्रकारची, त्यामुळे तयार शेडर कुणाकुणाला पुरवणार? डेकची चिप मात्र ठरलेली. म्हणून शेडर आधीच तयार करून गेमबरोबर पाठवता येतात.

ऐन लढाईत वरचं बटण दाबलं की यंत्र झोपी जातं, आणि पुन्हा दाबलं की उगारलेली तलवार तिथून पुढे चालते. मेमरीतली प्रत्येक नोंद म्हणजे अतिसूक्ष्म विद्युतभार, आणि तो सतत गळत असतो. झोपेत प्रोसेसर आणि स्क्रीन बंद पडतात, पण हा भार सेकंदाला कित्येकदा पुन्हा भरण्याचं काम थांबत नाही. तेवढ्यावर गेममधलं अख्खं जग जागच्या जागी राहतं.

उणिवा आहेत. पाऊण किलोला थोडंसं कमी वजन मनगटाला जाणवतं, जड गेममध्ये फॅन घोंघावतो, आणि फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणेमुळे काही ऑनलाइन गेम लिनक्सवर चालतच नाहीत. त्यांच्यासाठी विंडोजवालं यंत्र घ्यावं, एसुसचं आरओजी अ‍ॅलाय वगैरे.

आता वीज. मोठ्या ग्राफिक्स कार्डाला एकट्याला ३०० वॉट लागतात. इथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून मर्यादा १५ वॉटची. हे जमण्याचं एक कारण स्क्रीन. १२८० गुणिले ८०० म्हणजे १०,२४,००० ठिपके रंगवायचे. फोर-के टीव्हीवर ते ८२,९४,४०० होतात, आठपट. दुसरं कारण वेगाच्या गणितात आहे. चिप जास्त वेगानं चालवायची तर व्होल्टेजही वाढवावा लागतो, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. म्हणजे शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग पडतो. तो सोडून दिला की बॅटरीला मोठा आराम.

सोडायचा तरी किती? सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर प्रत्येकाला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० दाखवायची तर ३३.३. यांच्या बरोबर मध्ये येतात २५ मिलिसेकंद, म्हणजे ४० चित्रं. ४५ नव्हे! डोळ्याला जाणवते ती दोन चित्रांमधली वाट, चित्रांची संख्या नव्हे. त्यामुळे ३० वरून ४० वर गेलं की ६० पर्यंतचं अर्धं अंतर कापलं जातं, आणि चिपचं काम मात्र एक तृतीयांशानंच वाढतं. पहिल्या डेकची स्क्रीन ४० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४० चित्रांवर, ठेवता येते. नवा गेम घेतला की मी आधी तेच करतो, मग वॉटची मर्यादा १५ वरून १२, १०, ९ अशी उतरवत जातो आणि चित्र कुठे अडखळतं ते पाहतो. पहिल्या डेकमधली बॅटरी ४० वॉट-तासांची. सगळं मोकळं सोडलं तर जड गेममध्ये ती दोन तासही धड पुरत नाही. पण साध्या, हातानं रेखाटलेल्या द्विमितीय गेममध्ये स्क्रीनसकट सारं यंत्र सात-आठ वॉटमध्ये भागवतं, आणि तीच बॅटरी पाच तासांच्या पुढे जाते.