रॉटवायलर द्यायचा आहे, पण कोणाला?

रॉटवायलर, केन कोर्सो किंवा कॉकेशियन शेफर्डला नवं घर शोधायची वेळ येते ती बहुधा तो दीड ते तीन वर्षांचा असताना. या राखणदार जाती सावकाश वयात येतात. पहिल्या वर्षी आल्यागेल्याच्या पायात घुटमळणारं पिल्लू दुसऱ्या वर्षी कुरिअरवाल्याला दारात अडवायला लागतं. तोवर वजन पन्नास किलोच्या घरात गेलेलं असतं आणि सोसायटीची लिफ्ट होती तेवढीच असते. घरच्यांना वाटतं, कुत्रा बिघडला. खरं तर ज्या कामासाठी पिढ्यान् पिढ्या त्याची पैदास झाली, ते काम त्यानं आता कुठे हाती घेतलेलं असतं. मग व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो. खाली ओळ असते, ‘फक्त अनुभवी मालकालाच देणे आहे’. इथून पुढे ऐकीव सल्ल्यांना तोटा नसतो.

त्यातली सगळ्यात घातक समजूत फार्महाऊसची. ‘मुळशीला ओळखीच्यांची दोन एकर जागा आहे, मोकळा राहील बिचारा.’ दोन एकर मालकाची; कुत्र्याच्या वाट्याला येते साखळी पोचेल तेवढीच. मालक शनिवार-रविवारचा. आठवडाभर जेवण घालायचं रखवालदारानं, ज्याला या कुत्र्याची भीती वाटते आणि ज्याला कुणी विचारलेलंही नसतं. तो भाकरी लांबूनच फेकतो, पाण्याचं घमेलं काठीनं पुढे ढकलतो. महिनाभरात खांबाभोवतीची माती साखळीनं घासून टणक होते, गवताचं पातं उरत नाही. बांधलेल्या कुत्र्याला धोका वाटला तर मागे सरकायची सोय नसते. उरतं ते अंगावर जाणं. म्हणजे ज्या स्वभावाची तक्रार करून त्याला घराबाहेर काढलं, तोच तिथे पक्का होतो.

राखणदार कुत्र्याला माणसं लागत नाहीत, हेही खोटं. तुर्कस्तानातला कांगाल मेंढ्यांच्या कळपात वाढतो, तिबेटी मॅस्टिफ तंबूच्या आणि मठाच्या दारात. जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा रॉटवायलर गुरं हाकायचा, गाड्या ओढायचा. माणसाच्या शेजारी चालणारा कामकरी कुत्रा तो. राखायला कुणीतरी आपलं लागतं. रिकामा बंगला राखायला कुलूप पुरे.

‘मोठा झालेला कुत्रा दुसऱ्या मालकाला जीव लावत नाही’ असं म्हणत अनेक जण निर्णय लांबवतात आणि कुत्रा बाल्कनीत अडकून राहतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००१ साली बचावकेंद्रांतल्या प्रौढ कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाबरोबर दहा-दहा मिनिटांच्या फक्त तीन भेटी झाल्या, तरी त्या माणसाशी नातं जुळल्याची लक्षणं कुत्र्यांमध्ये दिसली. राखणदार जातींना अधिक वेळ लागू शकतो, लागू द्यावा. पहिले काही आठवडे पाहुणे नाहीत, लाड नाहीत. वेळेवर जेवण, ठरलेला रस्ता, ठरलेली झोपायची जागा.

आता तो ‘अनुभवी’ मालक. लहानपणापासून घरात लॅब्रेडॉर होते, हा अनुभव चांगलाच, पण वेगळा. लॅब्रेडॉर माणसाकडे बघून काम करतो. कांगाल किंवा कॉकेशियन स्वतःच्या अकलेनं निर्णय घेतो, कारण डोंगरात लांडगा आला तेव्हा हुकूम द्यायला मेंढपाळ जागा असेलच असं नव्हतं. त्याहून फसवा तो उमेदवार, जो म्हणतो, ‘माझ्याकडे द्या, दोन दिवसांत सरळ करतो.’ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारून २००९ साली जे मांडलं, ते अशा पैलवानांनी वाचावं. मारण्या-लाथाडण्याचा उपाय ज्यांनी केला, त्यांतल्या ४३ टक्के जणांवर कुत्रा उलटला. उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्के जणांवर. पन्नास किलोच्या कुत्र्याशी हा जुगार कुणी खेळू नये.

खरा जाणकार ओळखायची माझी खूण सोपी आहे: तो तुमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो. गुरगुरतो कशावर, ताटाजवळ गेलेलं चालतं का, मागच्या पायांचा एक्स-रे काढलाय का, गोचीडतापाचा इतिहास आहे का. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो, हे त्याला माहीत असतं. म्हणून रात्री शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर कुठे आहे, हे त्यानं आधीच पाहून ठेवलेलं असतं. कॉकेशियन घेणारा नागपूरचा असेल, तर मे महिन्याचं काय, याचं उत्तर त्याच्याकडे तयार हवं.

देणाऱ्याची लबाडी हा वेगळाच विषय. ‘एकदा चावलाय, पण ते सांगितलं तर कोण घेईल?’ न सांगता दिलेला कुत्रा नव्या घरातल्या मुलाला चावला, तर त्याला तिसरं घर मिळत नाही. नसबंदी केलीय, आता शांत होईल, हेही अर्धवट. भटकणं कमी होतं. दाराची राखण तशीच राहते.

‘या जातींवर बंदी आहे, त्यामुळे देताच येत नाही’ हा गोंधळ २०२४चा. त्या वर्षी १२ मार्चला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं २३ जातींबाबत राज्यांना परिपत्रक पाठवलं; रॉटवायलर, कांगाल, कॉकेशियन त्यात होते. कर्नाटक उच्च न्यायालयानं १० एप्रिलला ते रद्द ठरवलं. शहरांचे नियम मात्र वेगळे असू शकतात. गाझियाबाद महापालिकेनं २०२२ मध्येच रॉटवायलर आणि पिटबुलवर बंदी घातली होती. तेव्हा नव्या मालकाच्या गावचा नियम आधी विचारावा. रस्त्यावर सोडून देणं हा मात्र सगळीकडे गुन्हा आहे. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड आहे; एवढ्यात आज कुत्र्याचा एक वेळचा खाऊसुद्धा येत नाही.

प्रत्यक्ष देताना घाई नको. पहिली भेट दोघांच्याही घरी नाही, तिसऱ्याच मोकळ्या रस्त्यावर. कुत्र्याला जाळीच्या मुसक्याची सवय दोन आठवडे आधीपासून लावलेली असावी, आत खाऊ ठेवून. नवा माणूस समोरून येऊन डोक्यावर हात ठेवत नाही. दोन हात अंतर राखून त्याच दिशेनं चालू लागतो. कुत्रा आपणहून हुंगायला आला की मग पट्टा हातातून हातात जातो. अशा तीन-चार भेटींनंतर घर. सोबत न धुतलेली गोधडी, पंधरा दिवसांचं नेहमीचं खाणं, रेबीजसह लसीकरणाची वही, महापालिकेचा परवाना आणि मायक्रोचिप असेल तर नव्या मालकाचं नाव चढवलेली नोंद. आणि एका कागदावर दोघांच्या सह्यांनी एवढंच: नाही जमलं तर कुत्रा परस्पर तिसऱ्याला जाणार नाही, आधी मूळ मालकाला फोन येईल.